रिचमंडमध्ये भर शहरात कयाक: पोनी पाश्चर ते रीडी क्रीक (आणि हॉलीवूडला इतक्यात का जाऊ नये)

काठावरचा

मंडळी, दर वर्षी मे महिना लागला की मला निदान चार जण तरी मेसेज करतात की जेम्स नदीत कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी बोट) करायचीय, कुठून सुरू करू, धोका आहे का, पोरांना नेऊ का. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून हा धागा काढतोय, आता कोणी विचारलं की लिंक देऊन मोकळा.

जे रिचमंडला (अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं) नवीन आहेत त्यांच्यासाठी, आपल्या या नदीची गंमत अशी की डोंगराकडचा खडकाळ पट्टा संपून समुद्राकडचा सपाट भाग सुरू होतो तो नेमका आपल्या शहरात. त्यामुळे सात मैलांत नदी सुमारे १०५ फूट खाली उतरते. जुन्या काळी समुद्राकडून येणारी जहाजं इथेच अडायची, म्हणून तर शहर इथे वसलं. आणि आपण ऑफिसमधून निघून अर्ध्या तासात खळाळत्या पाण्यात बसू शकतो तेही त्यामुळेच. डावीकडे काचेच्या इमारती, उजवीकडे झाडी आणि मधे आपण, असं फार शहरांत मिळत नाही.

आता मुद्द्याचं. नवशिक्यांसाठी जो तुकडा आहे तो पोनी पाश्चर ते रीडी क्रीक, साधारण तीन मैल, आरामात गेलात तर दोन-अडीच तास. क्लास एक-दोन, म्हणजे सोपं पाणी (आकडा वाढेल तसं अवघड). पोनी पाश्चरला उतरल्या उतरल्याच पहिला रॅपिड (खडकांमधलं खळाळतं, वेगाचं पाणी) लागतो, मग बराच वेळ संथ पाणी, त्यात गप्पा मारा, बगळे बघा. मग पॉवहाइट हायवेचा आणि रेल्वेचा असे दोन पूल जवळजवळ येतात, त्या भागात खडकांच्या पायऱ्या आहेत आणि चू चू नावाचा रॅपिड आहे (रेल्वेच्या पुलावरून नाव, लहान मुलं म्हणतात तसं). मग निकेल ब्रिज, आणि त्यानंतर उजव्या काठाला रीडी क्रीक. तिथे बाहेर पडायचं. म्हणजे पडायचंच. कारण पुढे बेल आइल हे बेट आणि हॉलीवूड नावाचा मोठा रॅपिड आहे, तो क्लास तीन-चारचा खेळ आहे, तो वेगळा विषय.

घरून निघायच्या आधी एकच गोष्ट बघायची, वेस्टहॅमचं गेज, म्हणजे तिथे नदीचं पाणी किती फूट आहे ते. फोनवर दोन मिनिटांत दिसतं. पाच फुटांच्या खाली असेल तर नवशिक्यांनी जावं. पाच ते नऊ असेल तर लाइफ जॅकेट हा शहराचा कायदाच आहे (माझ्या मते तीन फुटालाही घालावं, पण ते पुढे सांगतो). नऊच्या वर परमिट असलेल्यांनाच पाण्यात उतरता येतं. पहिल्या वेळी चार-साडेचारच्या आसपास बघून जा. त्याच्याही फार खाली गेलं तर खडक घासत घासत जावं लागतं आणि बोट उचलून उचलून खांदे भरून येतात.

आता माझी गोष्ट, कारण ती ऐकल्याशिवाय कोणी ऐकत नाही असा अनुभव आहे. माझा दुसरा की तिसरा सीझन, गेज चारच्या आत, म्हणजे अगदी गरीब पाणी. पुलाखालच्या एका पायरीवर आडवा झालो आणि बोट उलटली. बाहेर आलो, पाणी मांडीपर्यंत, मग काय, उभा राहिलो! शहाणा माणूस उभाच राहणार ना. पुढचं पाऊल टाकलं ते दोन खडकांच्या फटीत गेलं आणि मागून पाण्याचा रेटा, असा की माझा गुडघा पुढे वाकायला लागला आणि तोंड पाण्याकडे. मांडीभर पाणी हो. त्यात माणूस बुडू शकतो हे मला त्या दहा सेकंदांत कळलं. सँडलचा पट्टा तुटला आणि पाय सुटला. डाव्या पायाची सँडल अजून तिथेच असेल. पट्टा चांगल्या कंपनीचा असता तर हा धागा दुसऱ्या कोणीतरी काढला असता.

तेव्हापासून माझा नियम, वाहत्या पाण्यात पडलो तर उभं राहायचं नाही. पाठीवर झोपायचं, पाय पुढे, अंगठे पाण्याच्या वर दिसले पाहिजेत, आणि हातांनी काठाकडे जायचं. पाणी घोट्याच्या वर असेल आणि वाहत असेल तर उभं नाही राहायचं म्हणजे नाही. बाकी विचारा.

---

रानजाई

मस्त लिहिलंय दादा! मी मूळची रोह्याची, कोलाडला कुंडलिकेत सहा-सात वेळा राफ्टिंग केलंय, तिथे क्लास तीन असतो असं सांगायचे. मग मी थेट हॉलीवूडवाला भाग केला तर चालेल ना? पोनी पाश्चर जरा बोअर होईल असं वाटतंय. नवरा पण येईल, त्याला पोहता येत नाही पण लाइफ जॅकेट आहे.

---

काठावरचा

रानजाई ताई, रागावू नका पण तीन वाक्यांत तीन वेळा पोटात गोळा आला 😀

कुंडलिकेवर राफ्टमध्ये मागे गाइड बसलेला असतो. तो फॉरवर्ड म्हणाला की तुम्ही मारता, स्टॉप म्हणाला की थांबता, वळवतो तो, वाट शोधतो तो, पडलात तर ओढून घेतो तो. तुम्ही इंजिन, तो ड्रायव्हर. कयाकमध्ये दोन्ही तुम्हीच आणि बोट केवढीशी. एसटीने सहा वेळा वरंधा घाट उतरलात म्हणून कोणी एसटी चालवायला देईल का?

दुसरं, कुंडलिकेचं पाणी वीज तयार करून सोडलेलं असतं, सकाळी सोडतात, ठरलेलं, रोज साधारण तेवढंच. जेम्स तशी नाही. वर डोंगरात लिंचबर्गकडे पाऊस झाला की आपल्याकडे कडक ऊन असतानाही एक-दोन दिवसांनी पाणी चढतं. आज जे खडक दिसतात ते परवा दिसणार नाहीत आणि तोच रॅपिड वेगळाच होऊन बसेल.

हॉलीवूड करायचं असेल तर गाइडसोबत राफ्टमध्ये खुशाल करा, या शहरात होतं ते, आणि खरंच धमाल आहे. पण स्वतः कयाक घेऊन आधी वरचा तुकडा दहा वेळा. न पोहणाऱ्या नवऱ्याने पण राफ्टवाल्यांना आधी स्पष्ट सांगावं.

---

शॉर्टपंपकर

हॉलीवूड नाव कशामुळे? मी चार वर्षं समजत होतो की तिथे कुठला तरी सिनेमा शूट झाला.

---

काठावरचा

त्या काठाला वर हॉलीवूड सिमेटरी आहे, होली नावाच्या झाडांवरून नाव. अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष, मनरो आणि टायलर, तिथे आहेत. म्हणजे रॅपिडचं नाव स्मशानावरून पडलंय, आता बघा जायचं का 😀

---

बोटक्लब_९८

काठावरचा, फार कामाचा धागा. मी पुण्यात कॉलेजला असताना सीओईपीच्या बोट क्लबवर कयाक चालवलेली, रेगाटाला पण होतो, त्यामुळे इथे आल्यावर मला वाटलं आपल्याला कोण शिकवणार. पोनी पाश्चरला पहिल्या अडीच मिनिटांत उलटा झालो. साधं थांबलेल्या पाण्यातून वाहत्या पाण्यात जात होतो फक्त!

नंतर एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईने, सत्तरीची असेल, समजावलं. पुण्यातल्या मुळा नदीच्या पाण्यात तुम्ही कुठेही झुका, काही फरक पडत नाही. इथे खडकामागच्या थांबलेल्या पाण्यातून तोंड बाहेर काढलं की प्रवाह बोटीच्या कडेवर चढतो, आणि आपण घाबरून वरच्या बाजूला झुकतो, म्हणजे ज्या बाजूने पाणी येतंय तिकडे. झुकलो की कड पाण्यात जाते आणि खेळ खल्लास. प्रवाह जिकडे चाललाय तिकडे, खालच्या बाजूला झुकायचं. सायकल वळवताना आतल्या बाजूला कलतो ना, तसं. डोक्याला पटायला पाच मिनिटं लागतात, कमरेला पटायला एक सीझन.

आणि एकदा खडकावर आडवा जाऊन आदळलो तेव्हा पण तेच. मन म्हणतं खडकापासून लांब व्हा. ती बाई म्हणाली, नाही, खडकाला मिठी मार. खडकाकडे झुकलं तर बोट सरकून सुटते, लांब झुकलं तर पाणी बोटीत शिरून तिला खडकाला चिकटवून टाकतं.

---

आत्याबाई

मी बाई काठावर बसून पोहे खाणारी, पण एक विचारते. तुम्ही लोक सारखं एडी एडी करता ते काय असतं? मुलगा घरी पण बोलतो.

---

काठावरचा

आत्या, मोठ्या खडकाच्या मागे बघा कधी, सगळीकडून पाणी धावतंय आणि खडकाच्या पाठीमागे एक तुकडा शांत असतो, उलट थोडं वरच्या दिशेला सरकत असतं पाणी. झाडाचं पान पडलं तर तिथेच गोल फिरत राहतं. ती एडी. तिथे बोट घातली की थांबता येतं, दम खाता येतो, पुढचं बघता येतं, मागच्यांची वाट बघता येते. नदीतला एसटी स्टँड समजा. नवशिके सरळ वरून खाली घसरत जातात, आणि ज्याला थोडंफार येतं तो या स्टँडवरून त्या स्टँडवर जातो. मुलाला विचारा तो एका रॅपिडमध्ये किती एड्या पकडतो, त्यावरून कळेल किती शिकलाय.

आणखी एक, वरून बघताना पाण्यात व्ही दिसतो. टोक खालच्या दिशेला असेल तर दोन खडकांमधली वाट, जा. टोक आपल्याकडे असेल तर त्या टोकावर खडक बसलाय, पाण्याखाली लपून. हे मी मुलांना पोनी पाश्चरच्या काठावर बसवून अर्धा तास नुसतं बघायला लावतो, बोटीत बसायच्या आधी. कंटाळतात, पण उपयोग होतो.

---

गणप्या

मला एक कळत नाही, एवढं काय घाबरवताय? दर रविवारी शंभर पोरं ट्यूब घेऊन, बिअर घेऊन, अनवाणी त्या पाण्यात असतात, काही होत नाही त्यांना. आपल्या लोकांना कुठलीही गोष्ट करायची म्हटली की आधी दहा नियम. मी तर मोठ्या दुकानातून साठ डॉलरची फुगवायची बोट आणलीय, पोनी पाश्चरच्याही वरच्या ह्युगनॉटवरून निघणार आहे, मस्त पडून जाणार.

---

काठावरचा

गणप्या, ह्युगनॉटवरून निघालास तर पोनी पाश्चरच्या आधी विल्यम्स आयलंडपाशी झेड डॅम लागेल, माहितेय का? वरून बघितलं तर धरण दिसतच नाही, नुसती पाण्याची सरळ रेघ दिसते. तिच्याकडे पडून जाणार असशील तर नको जाऊस. तिथे आधीच काठाला लागून, उतरून, बोट हातात घेऊन वळसा घालायचा असतो.

अशा बुटक्या धरणांची उंची बघून हसू येतं, पण खाली पडलेलं पाणी गोल फिरून परत भिंतीकडे येतं आणि माणसाला, ट्यूबला, ओंडक्याला तिथेच फिरवत ठेवतं. २०२२ च्या मेमोरियल डेला (मे अखेरची सुट्टी) अशीच बारा जणं तराफे-ट्यूब घेऊन आणखी वरच्या बॉशर धरणावरून गेली. पाणी चांगलंच चढलेलं होतं. दोन जणी परत आल्या नाहीत. त्या पण मस्त पडून जायलाच निघाल्या असतील रे.

तुझ्या बोटीबद्दल काही म्हणणं नाही, संथ पाण्यात घेऊन जा. पण पुलाखालच्या पायऱ्यांवर ती फाटते, मी दर वर्षी झाडांना अडकलेले रबराचे तुकडे गोळा करतो.

---

गणप्या

झेड डॅम खरंच माहीत नव्हतं. नकाशावर बघितलं. बरं.

---

शॉर्टपंपकर

गाड्यांचं कसं करता? एक खाली एक वर?

---

बोटक्लब_९८

हो. सगळे आधी रीडी क्रीकला, तिथे एक-दोन गाड्या ठेवायच्या, मग बोटी आणि माणसं उरलेल्या गाड्यांत कोंबून पोनी पाश्चर. शनिवार-रविवारी नऊच्या आत पोचा, नंतर पोनी पाश्चरला जागा मिळत नाही आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर पाट्या न वाचता गाडी लावली तर दंडाची पावती.

आणि खालच्या गाडीची किल्ली वरच्या गाडीत विसरू नका. आम्ही चार इंजिनिअर, एकूण अनुभव साठ वर्षांचा, ओले, थंडीने कुडकुडत, रीडी क्रीकच्या पार्किंगमध्ये बंद गाडीसमोर उभे आणि किल्ली तीन मैल वर कप होल्डरमध्ये. शेवटी एकाच्या बायकोला फोन केला. ती अर्ध्या तासाने आली, काही बोलली नाही, फक्त आमचा फोटो काढला. तो फोटो गणपतीच्या कार्यक्रमात स्लाइड शोमध्ये लागला होता.

---

रानजाई

हा हा हा 😂 बरं दादा, ठरलं, आधी वरचा तुकडा. पाणी घाण असतं का पण? ऑफिसमध्ये एकजण म्हणाला की त्यात ड्रेनेज येतं.

---

काठावरचा

अर्धं खरं आहे. शहराच्या जुन्या भागात, साधारण एक तृतीयांश, पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच पाइपातून जातं. जोराचा पाऊस आला की पाइप भरतात आणि जास्तीचं थेट नदीत. म्हणून मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवस आम्ही जात नाही, पाणी उतरलं असलं तरी. एरवी कोरड्या दिवसांत वरच्या तुकड्यात पाणी चांगलं असतं, नाकातोंडात गेलं तर मरत नाही. उन्हाळ्यात पाण्याची तपासणी करून नियमित आकडे देतात, ते बघायची सवय लावा.

थंडीचं पण सांगतो. एप्रिलमध्ये हवा पंचाहत्तर फॅरनहाइट असते म्हणून लोक हाफ पँटवर येतात, पाणी पन्नास-पंचावन्न असतं. पडलं की आधी श्वासच अडकतो, पोहणं राहिलं बाजूला. इथले जुने लोक हवा आणि पाणी दोन्ही तापमानं मिळवून एकशेवीसच्या खाली आली तर वेटसूट (पाण्यात ऊब ठेवणारा रबरी सूट) असा हिशेब करतात. कॉटनचा टीशर्ट नको. बंद बूट घाला, सँडल नको (का ते वर वाचलंत). चष्म्याला दोरी. हेल्मेट, क्लास दोनला पण, कारण इथे पाणी उथळ आणि खडक भरपूर, उलटं झालं की डोकं खालीच असतं ना.

---

आत्याबाई

माझा चष्मा गेला होता एकदा नुसता पाय सोडून बसले होते तरी. पण एक सांगते हं, पुढे शहराकडे पाइपलाइनच्या बाजूला ते मोठे राखाडी बगळे येतात ना घरटी करायला, वसंतात जाऊन बघाच, ऑफिसांच्या इमारती मागे आणि पुढे झाडावर एवढाले पक्षी काटक्या घेऊन भांडतायत. त्याला पाण्यात पडायची गरज नाही.

---

रानजाई

रिपोर्ट देते! परवा गेलो, गेज ४.१, सोबत बोटक्लब दादा आणि अजून तिघं. नवऱ्याने काठावरून व्हिडिओ काढले.

पोनी पाश्चर बोअर म्हणाले होते मी. माफी! राफ्टमध्ये कधी कळलंच नव्हतं की पाणी बोटीला खालून असं धरतं, मांड्यांना जाणवतं सगळं. पहिल्या रॅपिडमध्ये सरळ गेले, फार शहाणी झाले, मग पुलांपाशी एका पायरीवर वर झुकले (हो, वरच्याच बाजूला झुकले, वाचून पण) आणि गेले आत. स्कर्ट (बोटीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती लावतात ते झाकण) ओढून बाहेर आले, समोर काठ सहा-सात फुटांवर, पाणी कमरेएवढं, आणि पाय आपोआप खाली जायला लागले उभं राहायला. खरंच आपोआप, मी ठरवलं नव्हतं. बोटक्लब दादा मागून ओरडले "पाय!! पाय वर!!" तेव्हा वर घेतले. पाठीवर तशीच घसरत एडीत गेले. पाठीला एक निळा डाग आहे बशीएवढा.

नंतर संथ पाण्यात एक ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) चोचीपंजात मासा घेऊन अगदी डोक्यावरून गेला, मासा अजून हलत होता. निकेल ब्रिजवरून एका लहान मुलीने हात केला. आणि रीडी क्रीकला किल्ली होती, मी तीन वेळा विचारलं होतं.

---

काठावरचा

शाब्बास! पाय आपोआप खाली जातात हे सगळ्यात खरं लिहिलंत. म्हणूनच मी पोरांना संथ पाण्यात मुद्दाम दहा-दहा वेळा पाडतो आणि पाय वर घ्यायला लावतो, वाचून येत नाही ते.

---

गणप्या

मी पण येऊ का पुढच्या वेळी? हेल्मेट आणतो. ती बोट नाही आणत.

---

काठावरचा

ये की. या शनिवारी सकाळी साडेआठ, रीडी क्रीक. माझ्याकडे एक जादा कयाक आहे, लाइफ जॅकेट पण आहे पण तुझ्या मापाचं आहे का बघावं लागेल. आत्या पोहे आणणार म्हणाल्यात.

---

काठावरचा

शनिवार रद्द. काल वर डोंगरात धो धो झालाय, नदीच्या वरच्या अंगाला कार्टर्सव्हिलचं गेज आत्ताच चढायला लागलंय आणि वेस्टहॅमचा अंदाज शनिवारी सकाळी साडेसहा फूट दाखवतोय. आपल्याकडे ऊन असेल, छान हवा असेल, तरी रद्द. काठावर भेटू शकतो, चढलेलं पाणी बघायला पण मजा येते.

---

आत्याबाई

अरे मी दोन किलो पोहे आणून ठेवलेत! काठावर या सगळे. गणप्या तू हेल्मेट नाही आणलंस तरी चालेल, लिंबं आण.